एकच नोंद

बढती पक्की समजून सुमेधा दादरहून पेढ्यांचा पुडा घेऊनच परळच्या ऑफिसात आली. कोडमधल्या बदलांचा इतिहास कसा सांभाळायचा, हे एआय एजंटांना शिकवणारी पुस्तिका तिने वर्षभर खपून लिहिली होती. मॅनेजर मयूरने लॅपटॉप वळवला. “पुस्तिका झकास झालीय, पण तिच्या बदलांच्या इतिहासात तुझं नावच नाही. सगळं एजंटच्या नावावर.” खरंच, तिच्या शेकडो नोंदी गायब होऊन एजंटने काल केलेली एकच नोंद उरली होती. “छोट्या नोंदी एकत्र करून एकच ठेवावी, असा पुस्तिकेतच नियम आहे. एजंटने तो पाळला,” मयूर म्हणाला. “तो नियम मीच लिहिलाय.” “असेल. पण त्यावरही एजंटचंच नाव आहे. वरिष्ठांना काय दाखवू?” धोंडा तिनेच पायावर पाडून घेतला होता. तिने पुडा उघडून त्याच्यापुढे सरकवला. “कसले पेढे?” “एजंटच्या बढतीचे. त्याला तोंड नाही. तुझं गोड कर.”