जड हवा

सभा सुरू होऊन पाऊण तास झाला होता, आणि तेवढ्यात दिपाली तीनदा उठून पाणी पिऊन आली होती. हिंगणीच्या शाळेतला तो वर्ग मार्चच्या उन्हाने तापला होता. तिच्या मांडीवर काळ्या दगडाची कांडी होती, साडेतीनशे मीटर खोल बोअरमधून काढलेली. दोन महिने ती गावाबाहेर मशीनच्या घरघरीत राहिली होती ती याच्यासाठी. आज गावाने ठराव दिला की पहिली चाचणी.

तिचे प्रकल्पप्रमुख धीरज सर समजावून सांगत होते. "गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो. तो आकाशात जाऊन हवा तापवतो. आम्ही तो चिमणीतच पकडायचा आणि टँकरने आणून इथल्या दगडात खोल सोडायचा. हळूहळू त्याचाही दगडच होतो."

"हळूहळू म्हंजे किती?" सरपंच रूपरावांनी विचारलं.

"तेच तर पाहायचं आहे."

मागच्या भिंतीला टेकून बसलेली शकुबाई उठली.

"साहेब, माया नवरा जंगलू विहिरीतला गाळ काढाले उतरला. अर्ध्यातच दोरावरचे हात सुटले त्याचे. ओरडलाबी नाई. पाहाले कंदील सोडला तं विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. तिथं होतं तेच हाय का हे तुमचं?"

"नाही बाई," सर हसून म्हणाले. "विहिरीतला वायू वेगळा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही." मग ग्रामसेवकाकडे वळून, "शंकांचं समाधान झालं, असं लिहून घ्या."

ग्रामसेवकाने पेनाचं टोपण काढलं. दिपालीने सरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते. आपण केव्हा उभं राहिलो ते तिला कळलं नाही.

"तोच आहे," ती म्हणाली.

शकुबाई दोन पावलं पुढे आली.

"जड असतो, तळाशी साचतो. ना वास, ना रंग. धडधाकट माणसाचीसुद्धा दोन श्वासांत शुद्ध जाते. बोअर नीट बुजवलं तर तो वर येणार नाही, असं आमचं गणित सांगतं. पण वायू तोच आहे."

रूपरावांनी दाढी खाजवली. "ठराव राहू द्या आज," ते ग्रामसेवकाला म्हणाले. सतरंजीवरची माणसं उठू लागली. धीरज सर फाईल मिटून तिच्याजवळून गेले. "जीपमध्ये बोलू," एवढंच म्हणाले.

दिपालीला तिथून लवकर निघायचं होतं. दारात शकुबाईने तिचं मनगट धरलं.

"मावशी, आता नाही होणार चाचणी. घाबरू नका."

"होवो नाईतर न होवो, ते तुमी पाहा."

म्हातारीने हात सोडला नाही. ती दिपालीला ओढतच पटांगणात घेऊन गेली. रूपराव आणि बाकीचे चपला शोधत होते.

"थांबा जरा समदे," शकुबाई म्हणाली. "सांग माय, अजून एक डाव सांग. मोठ्यानं सांग. धडधाकट माणूसबी पडते म्हून. बारा वर्षं झाले, हे समदे मले सांगून राह्यले का जंगलू दारू पेऊन उतरला होता."