थोरल्याचा निरोप

ऑलिव्हच्या बागेवरून अबोला धरलेला थोरला भाऊ मुन्जी कित्येक वर्षांनी दारात उभा राहिला, तेव्हा लमीनच्या कपाळाला आठी पडली.

"बाग मागायला आलास?"

"ती राहू दे तुलाच. मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. बाबांनाही तोच होता. तू रक्त तपासून घे."

लमीनने त्याला बससुद्धा म्हटलं नाही. पण मनात पाल चुकचुकलीच. त्याने रक्त तपासून घेतलं, मग डॉक्टरांनी प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता, पण अजून पसरला नव्हता.

तो तडक स्फॅक्स शहरात मुन्जीच्या घरी गेला. मुन्जी एव्हाना अंथरुणाला खिळला होता. त्याचा आजार हाडांत उतरला होता.

"दादा, माझा वेळेत सापडला," लमीन कसंबसं म्हणाला.

मुन्जीने त्याचा हात धरला. "मग माझा उशीर वाया नाही गेला."