बारवेची उंच पायरी

पाण्याला गेले बाई, बारव लई खोल,
आईला… हाक देता, भिंत देई बोल.

चारुशीलाने हा आवाज नऊ वर्षांची असताना ऐकला होता, याच पायऱ्यांवर. ‘आईला’ म्हणून तो थांबायचा. एक श्वासभर. मग ‘हाक देता’ अशी उचल घ्यायचा आणि कपारीतले पारवे फडफडत उडायचे.

आज पन्नास वर्षांनी ती त्याच बारवेच्या तळाशी, पाण्यालगतच्या दगडावर तंबोरा घेऊन बसली होती. भूमजवळच्या या गावानं दोन उन्हाळे खपून बारवेतला गाळ उपसला होता. पाणी आलं, तसं पहिलं गाणं तिचं ठेवलं. माइक नाही. साठ-सत्तर माणसं पायऱ्यांवर बसलेली; वर गावकरी, खाली धाराशिव-सोलापूरहून आलेले कानसेन. माघातलं सकाळचं ऊन अजून वरच्या चार पायऱ्यांवरच होतं.

तोडी गाऊन झाली. गाळ उपसण्यात पुढे असलेला बलभीम उभा राहिला.

“मंडळी, आता ताईंची ती नावाजलेली बंदिश. त्यांनी स्वतः बांधलेली. मोबाइल खिशात ठेवा. वाजला तर पाण्यात जाईल, आधीच सांगतो.”

लोक हसत होते, तेवढ्यात नातसुनेचा हात धरून एक म्हातारी पायऱ्या उतरू लागली.

“आज्जी, वरच बसा की. वरनं बी ऐकू येतंय,” बलभीम म्हणाला.

“वरनं ऐकायला म्या काय पारवा हाय का? व्हय बाजूला.” मधल्या एका पायरीपाशी मात्र ती थबकली. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “थांब गं शिवप्रिया. ही पायरी उंच हाय.”

तंबोऱ्यावरचं चारुशीलाचं बोट थांबलं.

आवाज जाडा झाला होता, फाटला होता. पण तोच होता.

गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा, ही गवयांची रीत. चारुशीला प्रत्येक चीजेआधी ती पाळायची. फक्त या एका बंदिशीआधी तिचा हात मांडीवरच राहायचा. एकोणिसाव्या वर्षी ती ही चाल गुणगुणत असताना गुरुजींनी विचारलं होतं, “हे कुठलं?” आणि ती म्हणून गेली होती, “सुचलं.” गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते दुरुस्त करायचं राहूनच गेलं. तिनं शब्द बदलले, चाल ठेवली, तो श्वासभराचा थांबाही ठेवला. त्या थांब्याला जाणकार ‘चारुशीलाबाईंची जागा’ म्हणत. तिथं दाद आली की ती खाली बघायची.

म्हातारी चारुशीलापासून चार पायऱ्या वर टेकली. पदरानं तोंड पुसून गाणं ऐकायला सरसावून बसली.

“ताई, दुसरं काही घ्यायचं का?” तबल्यावरच्या अनिरुद्धनं हळूच विचारलं. तिचा चेहरा त्याला दिसत होता.

दुसरं घेता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. हीच घेतली, तर चाळीस वर्षांचं ‘स्वतः बांधलेली’ या पाण्यात जाणार होतं.

“नाही,” ती म्हणाली.

तिनं हात उचलला आणि कानाच्या पाळीला लावला. अनिरुद्ध बघतच राहिला.

“ही चीज माझी नाही. मी ती इथं ऐकली, लहानपणी. गजराबाईंकडून.” नाव तिला तेव्हापासून माहीत होतं. तोंडातून आज पहिल्यांदा निघालं. “त्या तिथं बसल्यात.”

खालच्या पायऱ्यांवर चुळबुळ झाली. वरच्या पायऱ्या गजराबाईकडे बघू लागल्या. ती कुणाकडेच बघत नव्हती.

चारुशीलानं बंदिशीचे शब्द बाजूला ठेवले आणि मूळचेच घेतले. पाण्याला गेले बाई. आवाज भिंतीला लागून परत आला. आईला… ती थांबली. सवयीनं एका कानसेनाचा हात दाद द्यायला वर गेला.

“अगं, तिथं ही उंच पायरी यायची!” गजराबाई मोठ्यानं म्हणाली. “डोईवर दोन घागरी. मानसानं दम न्हाय खायाचा व्हय?”

सगळी बारव हसली. वर गेलेला तो हात हळूच खाली आला. चारुशीलाही हसली आणि हसतच तिनं उचल घेतली. हाक देता. पारवे उडाले.

गाणं संपलं तसं ती चार पायऱ्या चढून गेली आणि गजराबाईच्या पायांशी वाकली.

“चुकलं माझं. तुम्हाला न विचारता घेतलं मी. चोरून ऐकायची.”

“चोरून कशाचं?” गजराबाईनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. “मास्तराची पोर तू. त्या कोनाड्यात पुस्तक घिऊन बसायचीस. ध्यान पुस्तकात न्हाय, व्हट हलायचे तुजे. एकाच ओळीवर अडायचीस.”

चारुशीलानं त्या कोनाड्याकडं पाहिलं.

गजराबाईनं इकडं तिकडं पाहिलं. सासू जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी आवाज खाली आणला.

“रांजण भरल्याला असायचा. तरी म्या तुज्यापायी एक खेप जादा करायची. सासूला सांगायची, घागर सांडली.”