चार कोपऱ्यांचा वर्ग

"इंदूबाई, हा वर्ग आहे का सावजीची खानावळ?"

मधुकरराव गुरुजी दारातच थांबले. आत पाय टाकायचीही त्यांना किळस आली. पहिली-दुसरीची पोरं कोपऱ्याकोपऱ्यात घोळके करून बसली होती. एक घोळका चिंचोके मोजत होता. दुसरा सोड्याच्या बाटल्यांची बुचं ओळीत लावत होता. संत्र्याच्या रिकाम्या पेट्या उभ्या करून बाईंनी कपाटं केली होती. फळ्याकडे तोंड करून एकही कार्टं बसलेलं नव्हतं.

"शिकून राहिले ते, गुरुजी," इंदूबाई म्हणाल्या.

"कोणापासून? तुम्ही तर खाली बसून बुचं खेळून राहिल्या."

"एकमेकांपासून."

गुरुजी नाकातून हसले. "मंग सरकार आपल्याले पगार कायचा देते? बुचाईलेच द्या म्हणा."

मधुकररावांना मुळात पोरंच आवडत नसत. मास्तर लोक त्याहून कमी आवडत, आणि मास्तरणींचा तर विषयच सोडा. त्यांच्या तिसरी-चौथीच्या वर्गात सरळ ओळी, हाताची घडी, तोंडावर बोट. ज्याचं बोट हललं त्याला छडी. यालाच ते शिस्त म्हणत.

शाळा जिल्हा परिषदेची, नागपूरच्या अगदी वेशीवर. गुरुजींचं घर सक्करदऱ्याला. सायकलवर टांग टाकली की पाव तासात घरी, चहा पिऊन ओसरीवर शिकवण्या सुरू. नोकरीला लागल्यापासून त्यांनी नागपूर सोडलं नव्हतं. बदलीचं वारं सुटलं की ते कोणाला तरी भेटून यायचे आणि वारं पडायचं. आता एकच पाहिजे होतं. हेडमास्तर बाबाराव दिवाळीत निवृत्त होणार होते. ती खुर्ची.

मधेच ही बाई सावनेरला शिक्षकांचं नव्या पद्धतीचं शिबिर करून आली, आणि गुरुजींना त्या खुर्चीत तीच दिसायला लागली.

"विस्तार अधिकारी साहेब येऊन राहिले शुक्रवारी," पोरांना खाऊची सुकडी वाटताना बाबाराव म्हणाले. "वर्ग पाहणार, अन् एकाचं नाव घेऊन जाणार म्हणते."

"नाव? कायच्यासाठी?"

"ते काही बोलले नाही. आता कायच्यासाठी राहीन, गुरुजी? दिवाळी आली ना."

गुरुजींनी ताबडतोब हिशोब मांडला. शिबिरात शिकवलेला तमाशा साहेबाला आवडणार, हे कळायला डोकं लागत नव्हतं. साहेब लोकांना नवीन काही दिसलं की ते खुळ्यासारखे खूश होतात. मग तमाशा आपणच का करू नये? ही बाई काही भांडणारी नाही. भांडायलाही थोडी अक्कल लागते.

सुट्टीत ते इंदूबाईंकडे गेले. आवाज एकदम गुळाचा.

"बाई, तुमची ती घोळक्याची पद्धत मले दाखवता का जरा?"

इंदूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "साहेबांसाठी?"

"पोरांसाठी हो!"

"मंग नीट करा गुरुजी. एक वर्ग तर कोणीबी सांभाळते. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसवा. चार कोपरे, चार वर्ग. चौथीच्या हुशार पोराले पहिलीवर ठेवा. तुम्ही एका कोपऱ्यात शिकवा, बाकीच्याईले हाताले काम द्या. माझी अर्धी पोरं घेऊन जा, त्याईले सवय आहे. पेट्याही न्या."

"अन् तुम्ही?"

"मी बसवीन उरलेले ओळीत. मले कुठं नाव काढायचं आहे?"

गुरुजी व्हरांड्यात येऊन हसले. इतकी बावळट बाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. घर लुटायला आलेल्याला ही दिवा धरून तिजोरी दाखवत होती.

शुक्रवारी साहेब फटफटीवरून आले. आधी इंदूबाईंचा वर्ग. पोरं सरळ ओळीत बसून बेचा पाढा ओरडत होती. टेबलावर छडी.

"बाई, हेच शिकल्या का शिबिरात?"

"मले नाही जमत, साहेब," इंदूबाई खाली पाहत म्हणाल्या.

गुरुजींना भिंतीआडून सगळं ऐकू आलं. त्यांनी टोपी सारखी केली.

त्यांच्या खोलीत मात्र चारही कोपरे चालू होते. चौथीतली मीरा पहिलीच्या पोरांकडून चिंचोके मोजून घेत होती. दुसरीवाले बुचांची बेरीज करत होते. तिसरीला गुरुजी स्वतः गोष्ट सांगत होते, छडीशिवाय. साहेब पार हरखून गेले.

"कोणाची कल्पना ही?"

"आपलीच, साहेब. लय जुनी. बाकीच्या मास्तराईले एक वर्ग आवरत नाही, मी चार ओढतो. दुसऱ्या मास्तराची गरजच काय?"

"अन् सामान?"

"काही लागत नाही. चिंचोके पाहिजे फक्त. झाडाखालीही शाळा भरवून दाखवतो."

साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला, सोडेचनात. हेडमास्तरांच्या खोलीत चहा आला. गुरुजी आजच बाबारावांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"बाबाराव, माणूस भेटला," साहेब म्हणाले. "पेंचच्या जंगलात आमची एकशिक्षकी शाळा आहे. चार वर्ग, एक खोली. रस्ता नाही, लाइट नाही. मास्तर टिकतच नाही तिथं. सोमवारी हजर व्हा, गुरुजी. अन् कोणाले भेटून ऑर्डर फिरवू नका. मी डोळ्यानं पाहिलं आहे, सीईओ साहेबाले तसंच सांगीन."

गुरुजींनी कप खाली ठेवला. "साहेब, पण... ती पद्धत तर इंदूबाईंची..."

"पाहा, किती मोठं मन आहे!" साहेब बाबारावांना म्हणाले. "नाव तर बाईंचंच निघालं होतं. शिबिरातच मी त्याईले सांगितलं. त्या म्हणे, साहेब, ऑर्डर काढायच्या आधी एकदा आमच्या मधुकरराव गुरुजींचा वर्ग पाहून जा."