चार टप्पे

झोळीतल्या चिमीचे डोळे मिटले तेव्हा आपली टीम अकरा पॉइंटनी मागे होती. 'आपली' म्हणायचं ते सवयीनं. चिमीच्या आईला बास्केटबॉलमधलं एवढंच कळायचं, की पिवळे टीशर्ट आपले आणि पिवळे टीशर्ट हरतात.

कॉलेजच्या पोरी या मोसमात चौदा मॅच खेळल्या होत्या आणि चौदाही हरल्या होत्या. सुरुवातीला मैत्रिणींचे घोळके यायचे, कुणाकुणाचे आईवडील यायचे. मग सगळे पांगले. सगळ्यात वरच्या बाकावर, दाराजवळच्या खांबाला टेकून, ही एकटी उरली. पोटाशी कापडी झोळीत सात महिन्यांची लेक. "आमची एकुलती एक फॅन," शिपाईकाका येईल त्याला सांगायचे. पोरी खेळायला उतरल्या की आधी वर बघून हात हलवायच्या. तीही हलवायची, चोरासारखी.

कारण ती खेळ बघायला येतच नव्हती. चिमी फक्त इथेच झोपायची. लाकडी जमिनीवर चेंडू आपटायला लागला, धब, धब, की चौथ्या टप्प्याला पोरीची मान कलायची. घरी सगळं करून झालं होतं. अंगाई, पंखा, वॉशिंग मशीन, धो धो सोडलेला नळ. एकदा तिनं चेंडू विकत आणून स्वयंपाकघरात आपटला, तर खालच्या मजल्यावरचे आजोबा धापा टाकत वर आले. "बाई, तुम्ही माझ्या टाळूवर खेळताय!" म्हणून सराव असो की मॅच, चार वाजले की ती हॉलवर. लेक झोपली की खांबाला डोकं टेकून तिचाही डोळा लागायचा. दिवसरात्रीत मिळून तिची झोप ती तेवढीच.

आज मात्र डोळा लागत नव्हता. आत येतानाच काकांनी सांगितलं होतं, "आज हरल्या की टीम बंद. प्रिन्सिपलसाहेबांनी कोच सरांना तोंडावर सांगितलंय. सोमवारपासून इथं परीक्षेची टेबलं लागणार."

"आणि सराव?"

"टीमच नाही तर सराव कसला, ताई?"

त्यामुळे आज पहिल्यांदाच ती खेळ बघत होती. झोळीच्या कडेचा एक दोरा तिनं ओढून ओढून वीतभर लांब काढला होता. अकराचे सात झाले, सातांचे चार. बातमी फुटली असावी, कारण हॉल भरत चालला. बंद पडणाऱ्या दुकानात होते तशी गर्दी. पायऱ्यांवर माणसं, दारात माणसं. तिनं अंगठ्याचं नख संपवलं आणि करंगळीला लागली.

शेवटचे दोन सेकंद. एक पॉइंट कमी. आणि ढगळी धाडकन पडली. ढगळी म्हणजे टीममधली सगळ्यात बुटकी पोर, टीशर्टात पोहणारी. नाव काकांनीच ठेवलेलं. पंचांनी तिला दोन फ्री थ्रो दिले.

"दोन्ही आत गेले की जिंकलो!" काका म्हणाले, आणि अख्ख्या हॉलकडे वळून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ!"

हॉल गप्प झाला. या मोसमात गप्प बसायला तरी माणसं कुठं होती? टाचणी पडली तर ऐकू येईल, अशी शांतता.

चिमीनं डोळे उघडले.

"नको गं राणी, आत्ता नको," ती थोपटत पुटपुटली. पण शांतता चिमीला कधी मानवलीच नव्हती. पोरीनं असा काही टाहो फोडला की चारशे माना वळल्या.

"अहो, बाहेर न्या ना तिला!"

ती उठली. दार दोन पावलांवर होतं आणि दोन पावलांत वीस माणसं होती.

खाली ढगळी रेषेवर उभी. एरवी ती चेंडू दोनदा आपटायची आणि फेकायची. तिनं दोनदा आपटला. वर पाहिलं. तिसऱ्यांदा आपटला. चौथ्यांदा. रडणं ओसरत आलं. पाचव्यांदा...

शिट्टी वाजली. पंचांनी हाताची पाच बोटं दाखवली.

"पाच सेकंदांत फेकावा लागतो," काका कपाळाला हात लावून म्हणाले. "पहिला फुकट गेला."

दुसरा चेंडू रिंगभोवती गरगर फिरला आणि बाहेर पडला. भोंगा झाला. त्या भोंग्यातही चिमी गाढ झोपलेली होती.

हॉल रिकामा व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ती पायऱ्या उतरून खाली आली. सर ऑफिसात गेले होते. पोरी जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या.

"माझ्यामुळे हरलात गं तुम्ही," ती म्हणाली. "आणि मी फॅनबिन काही नाही. मी नुसती हिला झोपवायला येते."

"माहितीये," ढगळी म्हणाली. "तुम्ही घोरता, ताई."

कुणीतरी नाक ओढता ओढता फिस्सकन हसलं.

"मला वाटलं, चार टप्प्यांत झोपेल," ढगळी म्हणाली. "रोज चारात झोपते."

"आज पाच लागले," नाडी सोडता सोडता कॅप्टन म्हणाली. "गर्दीची सवय नाही तिला. आम्हाला तरी कुठं होती?" मग मान वर न करता म्हणाली, "चौदा हरल्यावर सरावाला कोण येतं, ताई? पण चार वाजले की ही झोपायला दारात. मग आम्हीही यायचो."

ढगळीनं चेंडू काखेत धरला, झोळीत डोकावली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"ताई, तुमच्या खिडकीखाली मोकळी जागा आहे का हो? सोमवारपासून आम्हाला हॉल नाही."