ट्यूलिपचे कंद

“आजी, तुझे कांदे परत माझ्या बुटात गडगडले!” माझी लेक करवादली. “कांदे नव्हेत गं, ट्यूलिपचे कंद आहेत,” आई म्हणाली. घर सोडावं लागलं तेव्हा तिने बागेतून एवढी एकच पिशवी उचलली होती. हिवाळ्याआधी कंद मातीत गेले नाहीत तर वाळतात; पण आई नव्या घराच्या अंगणासाठी थांबली होती. तोवर आम्हा तिघींना समुद्राकाठच्या हॉटेलातली एक खोली; बेघरांचं भाडं इथे इंग्लंडात नगरपालिका भरते. “एवढ्या पौंडांत बागेसकट घर मिळालं असतं,” आई टोमणा मारायची. “लवकरच मिळेल,” पालिकेत घरवाटप बघणारी बेथनी दर खेपेला म्हणायची. आज ती आली, तेव्हा आईने पिशवीच तिच्या मांडीवर ठेवली. “पोरी, हे हॉटेलच्या दारातल्या कुंडीत लावू, की थांबू?” बेथनीने एक कंद दाबून पाहिला. “लावून टाका,” ती हळूच म्हणाली. “एप्रिलमध्ये फुलतील तेव्हाही तुम्ही इथेच असाल.”