चुलीवरची भाकरी

पाहुण्यांची गाडी घाटात दिसली की मी गॅसच्या सिलिंडरवर पोतं टाकते. डोंगरातलं हे दगडी घर मालक सुट्टीसाठी भाड्याने देतात आणि त्यांच्या जाहिरातीत चुलीवरची भाकरी आहे. गॅस माझ्या लेकीने आणून दिला, डॉक्टरांनी मला धूर बंद करायला सांगितलं म्हणून.

शनिवारी आलेल्या बाईंनी चुलीसमोर मोबाइल धरला. "आजी, अजून फुंका ना, धूर काय मस्त दिसतोय!" मी फुंकलं. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यांनी मोबाइलमध्ये टिपलं. भाकरी खाताना म्हणाल्या, "माझ्या आईला धुराने दमा झाला. पहिल्या पगारात मी तिला गॅस घेऊन दिला."

मला धीर आला. मी पोतं उचललं. "मग संध्याकाळचा स्वयंपाक यावर करू का?"

"छे! मग इथे कशाला आलो?"

सोमवारी मालकांनी बाईंचा अभिप्राय मोबाइलवर वाचून दाखवला. "घर सुरेख, जेवण अप्रतिम. फक्त आजींच्या खोकल्याने झोपमोड झाली."

मालक म्हणाले, "मावशी, चूल आहे तशीच राहू द्या. खोकल्याचं तेवढं बघा."